पिकअप घेताना टू-व्हील की फोर-व्हील: जास्तीचे पैसे कुठे वसूल होतात आणि कुठे नाही

एकाच पिकअपच्या टू-व्हील (इंजिनचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना) आणि फोर-व्हील (जोर चारही चाकांना) गाड्या शेजारी शेजारी उभ्या केल्या तर वरून फारसा फरक कळत नाही. खाली वाकून पाहावं लागतं. टू-व्हीलमध्ये गिअरबॉक्समधून एकच शाफ्ट निघतो आणि मागच्या डिफरन्शियलला, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरच्या पेटीला जातो. फोर-व्हीलमध्ये गिअरबॉक्सच्या मागे पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारी ट्रान्सफर केस बसते. तिथून दुसरा शाफ्ट पुढे येतो, पुढे आणखी एक डिफरन्शियल, दोन हाफ शाफ्ट आणि त्यांचे सीव्ही जॉइंट (चाक वळलं तरी फिरत राहणारे सांधे). सगळं मिळून साधारण १०० किलोचा ऐवज. तो वर्षभर वाहायचा असतो, मग वर्षातून चार दिवस कामाला येवो की चाळीस.

प्रश्न ताकदीचा नाही, कारण इंजिन दोन्हींत तेच. प्रश्न पकडीचा आहे, आणि पकडीचा हिशोब कागदावर मांडता येतो. रिकामी पिकअप समजा २००० किलोची. इंजिन आणि केबिन पुढे असल्याने मागच्या चाकांवर त्यातले जेमतेम ९०० किलो येतात. ओल्या चिकट मातीवर चाकाला वजनाच्या तीन दशांश इतकीच पकड मिळते असं धरा. म्हणजे मागची चाकं गाडीला २७० किलोच्या जोराने ढकलू शकतात. दर सात मीटरला एक मीटर असा चढ असेल, तर गाडी वर चढवायला सुमारे २८३ किलो जोर लागतो. इथेच टू-व्हील थांबते, चाक जागच्या जागी फिरतं. आता हौद्यात मागच्या एक्सलच्या बरोबर वर ५०० किलो माल टाका. मागच्या चाकांवर १४०० किलो, पकड ४२० किलो, गरज ३५४ किलो. तीच टू-व्हील तोच चढ चढते, चाकं मातीत रुतली नाहीत म्हणजे झालं. आणि फोर-व्हील? रिकामी असतानाच तिच्याकडे ६०० किलोची पकड आहे.

म्हणून विक्रेत्याला ‘चिखलात चालते का’ असं विचारून काही हाती लागत नाही. स्वतःला विचारायचं ते हे: निसरड्या चढावर गाडी रिकामी किती वेळा जाणार? भरून जाणारी आणि पक्क्या रस्त्याने रिकामी परतणारी गाडी टू-व्हीलमध्ये सुखाने चालते. माल उतरवून ओल्या शेतातून किंवा खाणीतून रिकामी बाहेर पडायचं असेल, तर फोर-व्हील ही चैन नाही, गरज आहे.

टू-व्हील घेणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र हट्टाने पाहावी, ती म्हणजे मागचं डिफरन्शियल लॉक. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ (फिरवण्याचा जोर) देतं. एक चाक खड्ड्यात अधांतरी झालं की त्याला फिरवायला जेवढा पीळ लागतो, तेवढाच दुसऱ्याला मिळतो, म्हणजे जवळजवळ शून्य. लॉक लावलं की दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि जमिनीवरचं चाक गाडी ओढून काढतं. लॉक असलेली टू-व्हील, साध्या डिफरन्शियलच्या फोर-व्हीलला बऱ्याच ठिकाणी तोडीस तोड ठरते. साध्या डिफरन्शियलची फोर-व्हील आडव्या चरात पुढचं एक आणि मागचं तिरक्या बाजूचं एक चाक उचललं गेलं की गपगार उभी राहते. ब्रेक लावून घसरतं चाक आवरणारं ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर अशा जागी मदत होते, पण ते आधी चाक घसरू देतं आणि मगच जागं होतं. काही कंपन्या हे लॉक फक्त फोर-व्हीलवरच देतात, तेव्हा पुस्तिका नीट वाचून घ्या. लॉक निसरड्या जागी, सरळ जाताना आणि चाकं घसरायची थांबल्यावरच लावायचं. पक्क्या रस्त्यावर वळणात लावलं तर गाडी सरळच जायला बघते.

टायरवर लोक कंजूषी करतात, तेच अनाकलनीय. झिजलेल्या हायवे टायरांच्या फोर-व्हीलपेक्षा चांगल्या ऑल-टेरेन टायरांची टू-व्हील चिखलात पुढे जाते. वाळूत तर हवाच निम्मं काम करते. ३५ पीएसआयवरून १८ पर्यंत उतरवली की टायर लांबट पसरतो आणि वर तरंगतो. त्या हवेवर वेग कमी ठेवायचा, झटक्यात वळायचं नाही, नाहीतर टायर रिमवरून सुटतो. पक्का रस्ता लागला की आधी हवा भरायची. पंप गाडीत नसेल तर हवा काढायच्या भानगडीत पडू नये.

आता फोर-व्हीलचं खरं मोल कशात आहे? ४एचपेक्षा (चारही चाकं, नेहमीचा वेग) ४एलमध्ये (चारही चाकं, संथ वेगाची लो रेंज). लो रेंजमध्ये ट्रान्सफर केस वेग साधारण अडीच पटींनी कमी करते आणि चाकावरचा पीळ तेवढाच वाढवते. पहिल्या गिअरमध्ये १० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी त्याच आरपीएमला ४ च्या वेगाने सरपटते. भरलेला ट्रेलर ओल्या चढावर खेचताना टू-व्हीलवाला अर्ध्या क्लचवर गाडी तोलत राहतो आणि जळका वास येतो. ४एलमध्ये क्लच पूर्ण सोडून काम होतं. उतरतानाही इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत. या गुणाला टायर, लॉक, हौद्यातलं वजन, कशाचाच पर्याय नाही. लावायची रीत: गाडी थांबवा, न्यूट्रल करा, नॉब फिरवा, डॅशवरचा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वाट पाहा. लुकलुकतच राहिला तर दाते जुळलेले नाहीत. गाडी हातभर पुढेमागे सरकू द्या, बसतात.

बहुतेक पिकअपमधली फोर-व्हील ही पार्ट-टाइम असते, म्हणजे पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मधे डिफरन्शियल नसतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात. मातीत तो फरक चाक थोडं घसरून भरून निघतो, कोरड्या डांबरावर नाही. मग शाफ्टमध्ये पीळ साठतो, स्टिअरिंग जड होतं, पार्किंगमध्ये वळताना गाडी धक्के देत उड्या मारते. अशा वेळी २एचही (फक्त मागची दोन चाकं) पटकन पडत नाही. सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घेतलं की पीळ सुटतो. ‘पाऊस आहे, असू दे ४एचला’ ही सवय ट्रान्सफर केसच्या मुळावर येते. मित्सुबिशीच्या सुपर सिलेक्टसारख्या यंत्रणेत मधलं डिफरन्शियल असतं, ती पक्क्या रस्त्यावरही चारही चाकांवर चालते. ओल्या महामार्गावरच जास्त वावर असेल तर पार्ट-टाइमपेक्षा तसली गाडी घ्यावी.

ब्रेकचं काय? काही नाही. थांबताना दोन्ही गाड्या चार चाकांवरच थांबतात. फोर-व्हील निसरड्यावर झोकात सुटते, त्यामुळे चालकाला रस्ता आहे त्यापेक्षा चांगला वाटतो. अंदाज चुकतो तो इथे.

माल वाहणाऱ्यांसाठी आणखी एक वजाबाकी. परवानगीचं एकूण वजन दोन्ही आवृत्त्यांना ३००० किलो असेल आणि फोर-व्हील १०० किलोने जड असेल, तर तेवढा माल प्रत्येक खेपेला कमी. वळणाचं वर्तुळही बऱ्याच फोर-व्हीलमध्ये थोडं मोठं असतं. इंधनाचा फरक २एचमध्ये फार नाही, त्यावरून निर्णय करू नये.

केवळ उंची हवी म्हणून फोर-व्हील घेणारेही बरेच. त्यांच्यासाठी फोर्ड रेंजरची हाय-रायडर किंवा टोयोटाची प्रीरनर अशा उंच टू-व्हील आवृत्त्या काही बाजारांत मिळतात. खडबडीत पण कोरड्या रस्त्याला त्या पुरेशा आहेत.

देखभालीत फोर-व्हीलची दोन ऑइलं जास्त, ट्रान्सफर केसचं आणि पुढच्या डिफरन्शियलचं. ती स्वस्तात होतात. महाग पडतो तो दुर्लक्षाचा भाग. महिनोन् महिने ४एच लावलंच नाही तर पुढच्या भागांना वंगण पोचत नाही आणि ऐन वेळी यंत्रणा अडते. टोयोटाच्या पुस्तिकेत महिन्याला किमान १६ किलोमीटर फोर-व्हीलमध्ये चालवायला सांगितलं आहे. कच्च्या रस्त्यावर तेवढं सहज होतं. चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजीचे लागतात. पुढे नवे, मागे जुने असं केलं तर ४एचमध्ये सरळ जातानाही पीळ साठतो. पाण्यातून गेल्यावर डिफरन्शियलचं ऑइल दुधी चहासारखं दिसलं तर ब्रीदरमधून (हवा जाण्याच्या नळीतून) किंवा सीलमधून पाणी शिरलंय. लगेच बदला.

जुनी फोर-व्हील घेत असाल तर मोकळ्या मातीवर नेऊन ४एच आणि ४एल दोन्ही लावून पाहा, नुसत्या दिव्यावर विश्वास नको. ४एचमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा. पुढून कट-कट आवाज आला तर सीव्ही जॉइंट गेलेला. मग खाली झोपा: सीव्ही जॉइंटचा रबरी बूट फाटून आतल्या बाजूला ग्रीस उडालंय का, शाफ्ट हाताने हलवल्यावर त्याच्या सांध्यातला क्रॉस खुळखुळतो का, ट्रान्सफर केसच्या जोडावर ओल आहे का. फिलर प्लग उघडून बोट बुडवा. ऑइल करपट वासाचं निघालं किंवा बोटाला चकाकणारा चुरा लागला, तर मालक कितीही म्हणो ‘फोर-व्हील कधी लावलीच नाही’, ती गाडी सोडा आणि तेवढ्याच पैशांत धडधाकट टू-व्हील बघा.