डॉज यांची युद्धदैनंदिनी आणि नवी पेठेतील छपाई-बांधणी

चार्ल्स डॉज हे नाव आपल्याकडे बहुधा १९२४ च्या डॉज योजनेपुरतेच ठाऊक असते. जर्मनीच्या पहिल्या महायुद्धाच्या भरपाईचे हप्ते झेपतील असे बसवून देणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. १९०२ मध्ये शिकागोत बँक काढलेला हा गृहस्थ पन्नाशी उलटल्यावर, १९१७ मध्ये, सैन्यात दाखल झाला आणि फ्रान्समधील अमेरिकी फौजेच्या खरेदीचा प्रमुख झाला. त्या काळातील त्यांच्या दोन खंडांच्या इंग्रजी दैनंदिनीची छापील प्रत सोलापुरात मिळणे कठीण. लेखकाचे निधन १९५१ चे, आणि आपल्या कायद्याने मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. म्हणून स्कॅन केलेली फाईल मी नवी पेठेतील एका छपाई-बांधणीच्या दुकानात दिली.

कागद कोणता, हे विचारण्याआधी दुकानदारांनी पुस्तक टेबलावर उघडे ठेवून वाचणार की हातात धरून, हे विचारले. गरम गोंदाने पाठ चिकटवण्यास त्यांनी साफ नकार दिला, कारण सोलापूरच्या उन्हाळ्यात तो गोंद मऊ पडून पाने सुटतात. त्यांनी फर्मे (अनेक पाने एकत्र छापलेले मोठे कागद) दुमडून दोऱ्याने शिवले, कण्याला कापडी पट्टी लावली आणि वर जाड पुठ्ठा चढवला. खंड मधोमध उघडला तरी सपाट राहतो आणि आतल्या समासातील अक्षर झाकले जात नाही. काही पाने फिकट उठली होती, ती शिवण्यापूर्वीच दाखवल्यावर वेगळे पैसे न घेता पुन्हा छापून मिळाली.

या श्रमाचे चीज करणारा मजकूर आत आहे. पाणबुड्यांमुळे जहाजांची टंचाई असल्याने युरोपात विकत घेतलेला प्रत्येक टन म्हणजे अटलांटिकवर वाचलेली तेवढी जागा, हा डॉज यांचा हिशेब. आणि फौजेचीच खाती एकमेकांवर बोली चढवून भाव वाढवत होती, म्हणून त्यांना एका मंडळाखाली आणणे हे त्यांचे खरे काम. बँकेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला ही शिस्त मनापासून भावते. डॉज यांचा तरुण मुलगा १९१२ मध्ये बुडून गेला होता, तर फ्रान्समधील अमेरिकी फौजेचे सेनापती पर्शिंग यांची पत्नी आणि तीन मुली १९१५ च्या आगीत गेल्या होत्या. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात असल्यापासूनचे हे दोन मित्र मोटारीतून जाताना आपापल्या माणसांच्या आठवणीने गप्प होतात, तो उतारा मी पुनःपुन्हा वाचला. पुढे डॉज १९२१ मध्ये अमेरिकेच्या अर्थसंकल्प कार्यालयाचे पहिले संचालक आणि १९२५ ते १९२९ उपराष्ट्राध्यक्ष झाले, १९२५ चे शांततेचे नोबेलही त्यांना ऑस्टिन चेंबरलेन यांच्यासह मिळाले. पण माणूस ओळखायचा तो या दैनंदिनीतच.

काम घाईचे असेल तर येथे जाऊ नये, कारण शिवण हाताची असल्याने वेळ लागतो. फाईल देताना मात्र आकडेवारीची पाने नमुन्यादाखल आधी छापून घ्यावीत आणि शिवण दोऱ्याचीच हवी, असे स्पष्ट सांगावे.