फुकटातलं ईक्यू पुरेसं आहे का? री-ईक्यू आणि टीडीआर नोवा, दोन्ही वापरून

घरी निवेदन, पॉडकास्ट किंवा श्राव्यपुस्तक ध्वनिमुद्रित करणारे बहुतेक जण माइक आणि इंटरफेस घेऊन झाले की लगेच विचारतात, आता ईक्यू (आवाजातल्या वेगवेगळ्या वारंवारता कमीजास्त करणारं सॉफ्टवेअर) कुठलं विकत घेऊ? तूर्त कुठलंच घेऊ नका. फॅबफिल्टरचं प्रो-क्यू देखणं आहे आणि त्याच्यावर काम भराभर होतं, पण बोलक्या आवाजाच्या कामात त्याच्याकडून जे हवं असतं त्यातलं जवळपास सगळं दोन फुकटच्या प्लग-इनमध्ये (ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये) मिळतं: कॉकोस कंपनीचं री-ईक्यू आणि टोकियो डॉन लॅब्सचं टीडीआर नोवा. अट एकच, दोघांची कामं वेगळी आहेत हे ओळखून वापरायची.

री-ईक्यू रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरसोबत येतंच. रीपर नसेल तर विंडोजवर ‘री-प्लग्ज’ नावाचा मोफत संच मिळतो, तो दुसऱ्या व्हीएसटी (प्लग-इनचा एक प्रचलित प्रकार) घेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही चालतो. मॅकवाल्यांना मात्र री-ईक्यू रीपरमध्येच भेटणार. दिसायला अगदीच सरकारी कार्यालयासारखं: करडी खिडकी, आलेख, खाली टॅब. पण संगणकावर त्याचा भार नगण्य आहे आणि बँड (वेगवेगळे हाताळायचे वारंवारतेचे पट्टे) हवे तितके वाढवता येतात.

पहिला बँड हाय-पास करायचा, म्हणजे ठरावीक आकड्याखालचं कापणारा. पुरुषी आवाजाला ७० ते ८० हर्ट्झ, बाईच्या आवाजाला १०० ते ११०. मेजाला लागलेला धक्का, पंख्याची घरघर, रस्त्यावरच्या बसचा गडगडाट यांचा बराचसा भाग त्याखाली असतो. इथे बँडविड्थ (बँडची रुंदी) २ च्या आसपास ठेवा. ती कमी केली की कट-ऑफजवळ (जिथून कापणं सुरू होतं त्या आकड्याजवळ) उंचवटा येतो, म्हणजे जे कापायचं त्याच्याच शेजारचं फुगतं. उतार दर सप्तकाला १२ डेसिबलचा आहे. तेवढ्याने भागलं नाही तर त्याच जागी दुसरा हाय-पास लावता येतो, पण मग कट-ऑफवरच ३ ऐवजी ६ डेसिबल जातात. म्हणून दोन लावताना आकडा ८० वरून ६५-७० वर आणायचा, नाहीतर आवाजाचं अंग जातं.

नवखा माणूस अडखळतो तो रुंदीच्या आकड्यावर. बहुतेक ईक्यू ‘क्यू’ दाखवतात (तो जितका मोठा तितका पट्टा अरुंद), री-ईक्यू सप्तकात रुंदी दाखवतं. २ सप्तकं म्हणजे क्यू ०.६७, १ म्हणजे १.४१, अर्धं म्हणजे २.८७ आणि एकतृतीयांश म्हणजे साधारण ४.३. कुणाच्या व्हिडिओत ‘क्यू ४ ठेवा’ ऐकून इथे ४ टाकलंत, तर चार सप्तकांचा पट्टा खाली जाईल आणि आवाज गोधडीखाली गेल्यासारखा होईल. ठिपक्यावर माउसचं चाक फिरवलं की रुंदी बदलते, ते टॅबमधल्या पट्टीपेक्षा सोयीचं.

आता खोलीचा घुमारा. आपल्याकडच्या खोल्या १० बाय १०, १० बाय १२ अशा. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर. समोरासमोरच्या भिंतींत उभी राहणारी पहिली लहर ५६ हर्ट्झच्या आसपास येते, मग ११२, मग १६९. खोली चौरस असेल तर दोन्ही दिशांच्या लहरी एकाच आकड्यावर येऊन बसतात आणि छतही १० फुटांवर असलं तर तिसरी दिशाही त्यांना सामील होते. ११२ आणि १६९ हे दोन्ही आकडे पुरुषी आवाजाच्या मूळ स्वराच्या टापूत पडतात. त्यामुळे काही अक्षरं विनाकारण ढोलासारखी वाजतात. री-ईक्यूमध्ये अर्ध्या सप्तकाचा बँड घेऊन ६ डेसिबल वर उचला, १०० ते २५० हर्ट्झमध्ये हळूहळू फिरवा आणि जिथे घुमारा ठळक होतो तिथे ३-४ डेसिबल खाली करा. अगदी निमुळता बँड १२ डेसिबल उचलून फिरवला तर प्रत्येक जागा वाईटच लागते आणि दहा ठिकाणी खड्डे पाडून माणूस मोकळा होतो. शोधताना एका जागी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका, कान लगेच सवय करून घेतो.

३०० ते ६०० मधला डबा-डबा आवाजही याच रीतीने सापडतो. तिथे २-३ डेसिबल पुरे, त्यापुढे आवाज पोकळ होत जातो.

विजेच्या गुणगुणीसाठी नॉच, म्हणजे अगदी अरुंद छेद देणारा बँड, आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ५० आणि तिच्या पटी १००, १५० इथे सप्तकाच्या दहाव्या भागाइतके बारीक छेद. त्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. पुष्कळदा गुणगुण तिथेच थांबते आणि १०० वर छेद देण्याची वेळच येत नाही.

री-ईक्यूत नाही काय? एकेक बँड वेगळा ऐकण्याची सोय नाही, आणि मुख्य म्हणजे ते स्थिर आहे. जे कापलं ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत कापलेलंच. खोलीचा घुमारा कायमचा असतो, त्याला हे चालतं. पण मधूनच टोचणारा ‘स’ किंवा निवेदक माइककडे झुकल्यावर फुगणारा खर्ज याला स्थिर ईक्यू लावलं तर दोन सेकंदांच्या दोषासाठी तासभराचा आवाज बिघडतो. तिथे नोवा घ्यायचं.

नोवात चार बँड, शिवाय वेगळे हाय-पास आणि लो-पास (ठरावीक आकड्यावरचं कापणारा) आहेत. प्रत्येक बँडला स्वतःचं थ्रेशोल्ड (कुठल्या पातळीपासून दाबायचं), रेशो (किती दाबायचं), अटॅक (किती लवकर दाबायचं), रिलीज (किती वेळात सोडायचं). बँड साध्या ईक्यूसारखाही चालतो. त्याचं थ्रेशोल्ड चालू केलं की मग तो आवाजाच्या पातळीनुसार आपोआप खालीवर होतो. ‘नोवा लावलं, काही फरक नाही’ अशी तक्रार येते तेव्हा नव्वद टक्के वेळा हे थ्रेशोल्ड बंदच असतं, किंवा इतकं वर असतं की आवाज तिथवर पोचतच नाही. नोवा मॅक, विंडोज दोन्हींवर चालतं. ऑडासिटी या मोफत ध्वनिमुद्रण-सॉफ्टवेअरमध्ये ३.२ पासून व्हीएसटी-३ प्लग-इन ऐकता ऐकता बदलता येतात, त्यामुळे रीपर नसलेल्यांचीही सोय झाली.

मराठी निवेदनात याचा खरा उपयोग ऊष्म वर्णांवर (श, ष, स) होतो. तयार डी-एसर (टोचणारा ‘स’ दाबणारी प्लग-इन) आणि त्यांचे प्रीसेट सहसा ६ ते ८ किलोहर्ट्झवर डोळा ठेवून असतात. ‘सासू’, ‘समोसा’ यांचा स तिथे सापडतो. पण ‘शेवटी’, ‘विशेष’, ‘निश्चित’ यांतल्या श-ष चा जोर खाली, साधारण ३ ते ५ किलोहर्ट्झमध्ये असतो, आणि ‘चहा’तला तालव्य च त्यांच्याच बाजूचा. ‘चाक’, ‘चोर’ यांतला दंत्य च मात्र स च्या जवळ जातो. एकाच बँडने हे सगळं पकडायला गेलं की एकतर श सुटतो नाहीतर निवेदक बोबडा वाटू लागतो. म्हणून दोन बँड वापरा: एक ७ किलोहर्ट्झवर, क्यू २, दुसरा ३.८ वर, क्यू २.५ ते ३. दोन्हींना रेशो ३, अटॅक १ मिलिसेकंद, रिलीज ५० ते ६०. थ्रेशोल्ड असं की टोचणाऱ्या अक्षरावरच ३ ते ५ डेसिबल उतरतील आणि मधल्या स्वरांवर आलेख हलणारही नाही. खालच्या बँडबाबत हात आखडता ठेवा. शब्दांचा स्पष्टपणाही ३-४ किलोहर्ट्झमध्येच राहतो.

तिसरा बँड १५० ते २०० हर्ट्झवर ठेवायचा, रुंद, क्यू १ च्या आत. निवेदक माइकच्या जवळ आला की कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं टिपणारा) माइक खर्ज वाढवतो. इथे अटॅक २० मिलिसेकंद, रिलीज १५० आणि रेशो २ पुरतो. ‘भ’, ‘फ’ चा फटका मात्र याने जाणार नाही. त्याला हाय-पास आणि पॉप फिल्टरच हवा, आणि हाय-पास काँप्रेसरच्या (मोठा आवाज दाबणाऱ्या प्लग-इनच्या) आधी. नाहीतर प्रत्येक फटक्यासरशी काँप्रेसर अख्खं वाक्य दाबतो.

गाण्याच्या कामात नोवाचं बाहेरचं साइडचेन (दुसऱ्या ट्रॅकच्या आवाजानुसार बँड हलवण्याची सोय) कामाला येतं. गायकाचा ट्रॅक रीपरमध्ये पेटीच्या ट्रॅकच्या ३/४ चॅनलला पाठवा, पेटीवरच्या नोवात साइडचेन बाहेरचं निवडा आणि २.५ किलोहर्ट्झवर रुंद बँड लावा. गाणं सुरू झालं की पेटी तिथे २-३ डेसिबल मागे सरते, गाणं थांबलं की परत येते. मैफलीत मात्र गायकाच्या माइकमध्येही पेटी शिरलेली असते. थ्रेशोल्ड त्या गळतीच्या वर नसेल तर पेटी स्वतःलाच दाबत बसते.

नोवाच्या उणिवा: चारच बँड, आणि पडद्यावर इतक्या गोष्टी की पहिल्यांदा उघडणारा बावचळतो. ‘जंटलमन्स एडिशन’ नावाची विकतची आवृत्ती आहे, तिच्यात बँड जास्त मिळतात. निवेदनासाठी तिची गरज भासत नाही, कारण कायमचे दोष आधीच री-ईक्यूने काढलेले असतात.

तुलना करताना दोन्हींचं आउटपुट गेन वापरून ईक्यू चालू-बंद केल्यावर आवाजाची पातळी सारखी ठेवा. एखादा डेसिबल जरी चढा असला तरी तो ‘सुधारलेला’ वाटतो, मग बदल कसलाही असो. दुसरं, दोन्हींपैकी कुणीही खोलीतला प्रतिध्वनी काढत नाही. पंख्याच्या पसरट आवाजावरही ईक्यू निरुपयोगी आहे. त्याला री-प्लग्जमधल्याच री-एफआयआरचा वजाबाकीचा मोड वापरून बघा, आणि तोही ईक्यूच्या आधी.

‘चकाकी’ हवी म्हणून १० किलोहर्ट्झवर हाय-शेल्फ (त्या आकड्यावरचं सगळं एकदम वरखाली करणारा बँड) उचलण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. ४ डेसिबल उचलले की त्या टापूतली माइकची सरसरही तेवढीच वर येते. ऑडिबल या श्राव्यपुस्तकांच्या दुकानासाठी त्याच्या एसीएक्स या मंचाला फाइल देणार असाल तर तिथे शांततेतली पातळी उणे ६० डेसिबलच्या खाली लागते आणि नेमकी या शेल्फपायी ती ओलांडली जाते. दीड-दोन डेसिबलांवर थांबा, आणि फाइल पाठवण्याआधी निवेदनातल्या एखाद्या मोकळ्या जागेची पातळी मोजून घ्या.