प्रत्येक मेथडवर ‘थ्रोज एक्सेप्शन’ : काही महिन्यांच्या वापरानंतर

जावासाठीची एक मेसेज-क्यू क्लायंट लायब्ररी (प्रोग्रॅममधले संदेश रांगेतून पाठवणारा-घेणारा तयार कोड) आमच्या सर्व्हिसमध्ये काही महिन्यांपासून चालू आहे. वेग उत्तम आहे, मेमरीही बेताचीच लागते. तक्रार आहे ती एपीआयबद्दल, म्हणजे आमच्या कोडला वापरायला मिळणाऱ्या मेथडच्या रचनेबद्दल, कारण तिच्या जवळजवळ प्रत्येक पब्लिक मेथडपुढे सरसकट ‘थ्रोज एक्सेप्शन’, म्हणजे ‘इथून कोणतीही त्रुटी फेकली जाऊ शकते’, असे लिहिलेले आहे.

त्यामुळे नेटवर्क तुटले, मुदत संपली की मेसेजच खराब आला, यांपैकी काय होऊ शकते हे सिग्नेचरवरून (मेथडच्या जाहीर ओळीवरून) कळत नाही. सोर्स उघडावा लागतो. शिवाय त्रुटी पकडण्यासाठी ‘कॅच एक्सेप्शन’ लिहिले की नलपॉइंटरएक्सेप्शनही (सहसा आपल्याच कोडमधल्या चुकीने येणारी त्रुटी) त्यातच पकडले जाते आणि घरचा बग लॉगमध्ये नेटवर्कच्या नावावर खपतो.

सर्वाधिक मनस्ताप सर्व्हिस बंद करताना झाला. थ्रेड पूलचे (समांतर कामे करणाऱ्या थ्रेडच्या संचाचे) शटडाउननाऊ थ्रेडना इंटरप्ट करते, म्हणजे थांबण्याची खूण करते. मेसेजची वाट पाहणारी मेथड इंटरप्टेडएक्सेप्शन फेकते आणि तसे करताना थ्रेडवरची इंटरप्टची खूण पुसली जाते. लूपमधला सरसकट कॅच ते इतर त्रुटींसारखेच लॉग करून पुढच्या फेरीला लागत असे. थ्रेड थांबत नसत आणि दर डिप्लॉयला प्रोसेस किल करावी लागे.

अपग्रेडनंतरचा प्रकार अधिक छुपा होता. नव्या आवृत्तीत मुदत संपल्यावर टाइमआउटएक्सेप्शनऐवजी लायब्ररीचा स्वतःचा वेगळा एक्सेप्शन येऊ लागला. जुना कॅच निरुपयोगी झाला, तरी कम्पाइलर गप्पच. एरवी जो चेक्ड एक्सेप्शन (पकडणे किंवा जाहीर करणे कम्पाइलर सक्तीचे करतो असा) फेकलाच जाऊ शकत नाही त्याच्या कॅचवर तो हटकून अडतो. पण खुद्द ‘एक्सेप्शन’च जाहीर केलेले असल्यावर त्याचा कोणताही सबक्लास येऊ शकतो, असे त्याला धरून चालावे लागते.

जावाच्या स्वतःच्या ऑटोक्लोजेबल या, वापर संपल्यावर बंद करायच्या गोष्टींसाठीच्या इंटरफेसमध्येही क्लोज मेथड एक्सेप्शन जाहीर करते, हे खरे. परंतु जावा 7 मध्ये (2011) आलेला तो इंटरफेस इतरांनी इम्प्लिमेंट करण्यासाठी आहे. त्यांनी नेमका प्रकार जाहीर करावा, शक्य तर काहीच फेकू नये, असे त्याचे डॉक्युमेंटेशन आग्रहाने सांगते. त्याच्यावरूनच बेतलेल्या क्लोजेबल इंटरफेसने ती व्याप्ती आयओएक्सेप्शनपर्यंत आणलीही आहे. आमच्या लायब्ररीतले क्लास मात्र तयार, प्रत्यक्ष काम करणारे आहेत. तिथे ही सबब चालत नाही.

सध्या आम्ही लायब्ररी आणि आमचा कोड यांच्या मध्ये एक रॅपर (वेष्टन) क्लास ठेवला आहे. तो इंटरप्टेडएक्सेप्शन तसेच पुढे जाऊ देतो, नेटवर्कचे प्रकार वेगळे करतो आणि रनटाइमएक्सेप्शनला (नलपॉइंटरएक्सेप्शनसारख्या, जाहीर न कराव्या लागणाऱ्या त्रुटींना) हात लावत नाही. नव्या प्रकल्पात ही लायब्ररी घेणाऱ्याने हे काम अंदाजपत्रकात धरावे. वेगासाठी चार तारे, एपीआयसाठी दोन.