केलेलं काम गेलं तर परत कुठून आणायचं? प्रीमियर आणि रिझॉल्व्ह, एका मिक्सिंगवाल्याच्या टेबलावरून

तुळशीचं लग्न लागलं की नाशकात मिक्सिंगवाल्यांचे, म्हणजे लग्नाचे व्हिडिओ कापून-जोडून देणाऱ्या आम्हा लोकांचे, फोन वाजायला लागतात. बहुतेक फोन तारखांचे. राहिलेल्यात एखादा लाइनीत नव्याने आलेल्या पोराचा: "दादा, प्रीमियरच ठेवू का रिझॉल्व्हवर जाऊ?" रंगकाम, वेग, पैसे याबद्दल त्याने आधीच ढीगभर पाहिलेलं असतं, त्यात मी पडत नाही. सिडकोतल्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत व्हिडिओ एडिटिंगची ही दोन्ही सॉफ्टवेअरं आहेत, दोन्हीवर भाकरी खाल्ली आहे. मला त्यांच्यात फरक जाणवला तो एकाच बाबतीत: केलेलं काम हातचं गेलं, तर किती जुनं परत मिळतं.

लाइट जाण्याचा विषय आधी संपवतो, कारण सगळे त्यालाच घाबरतात. मे महिन्यातला वळीव, गंगापूर रोडवरच्या लॉन्सवर मांडव फडफडतोय आणि इकडे आमचा यूपीएस चिरकतोय, हे दर सीझनचं. अशा वेळी दोघंही तारून नेतात. प्रीमियर तुम्ही ठरवलेल्या मिनिटांनी प्रोजेक्टची, म्हणजे कुठे काय कापलं-जोडलं त्या नोंदींची, वेगळी प्रत काढून ठेवतं (ऑटो सेव्ह), त्यामुळे गेलं तर मधलं थोडंसं जातं. रिझॉल्व्हमध्ये लाइव्ह सेव्ह चालू असेल तर बदल केल्या केल्या लिहिला जातो, जवळपास शेवटच्या कटापर्यंत सगळं जागेवर सापडतं. इथे रिझॉल्व्ह जरा पुढे आहे, पण तेवढ्यासाठी कोणी घर बदलू नये. यूपीएसची बॅटरी बदलून घ्या, काम भागेल.

माझं मत बनलं ते निफाडकडच्या एका लग्नामुळे. द्राक्षाचा माल नुकताच निघालेला, यजमानांचा हात सैल, त्यामुळे दोन कॅमेरे, ड्रोन आणि मंगलाष्टकांचा आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरवरून वेगळा घेतलेला. काम प्रीमियरवर. त्याआधी एकदा लाइट जाऊन दहा-बारा मिनिटांची मेहनत वाया गेली होती, म्हणून मी शहाणपणा करून ऑटो सेव्ह १५ मिनिटांवरून ५ वर आणला होता. प्रतींचा आकडा मात्र होता तसाच, २०.

सोमवारी संध्याकाळी मांडवातले रिकामे तुकडे काढत बसलो. कोणी कॅमेऱ्यासमोर पाठ करून उभा, कुठे फोकस गेलेला. एकेक तुकडा निवडायचा, रिपल डिलीट मारायचं (तुकडा जातो आणि पुढचं सगळं सरकून मोकळी जागा भरतं), पुढे जायचं. मंगलाष्टकांच्या ट्रॅकवर सिंक लॉक, म्हणजे बाकीच्यांबरोबर त्या ट्रॅकलाही सरकवणारं बटण, बंद राहिलंय हे माझ्या लक्षात आलं नाही. मग काय, प्रत्येक तुकड्यागणिक चित्र थोडं अलीकडे सरकलं आणि आवाज आपला जागच्या जागी. मंगळवारी दिवसभर त्याच प्रोजेक्टमध्ये हायलाइटचा छोटा व्हिडिओ केला, वर गाणं लावलेलं, त्यामुळे कानाला काही कळायचा प्रश्नच नव्हता. बुधवारी मंडळी बघायला आली. नवरदेवाचे मामा पाच मिनिटं शांत बसले आणि म्हणाले, "अहो, अक्षता पडून गेल्या आणि भटजी अजून सावधानच म्हणतायत."

मी हसत हसत म्हणालो, "दोन मिनिटांत जुनं काढतो." ऑटो-सेव्हचा फोल्डर उघडला. वीस फाइली, नावात तारीख-वेळ, अगदी व्यवस्थित. आणि सगळ्यात जुनी फाइल मंगळवार संध्याकाळची.

हिशेब सोपा होता, मीच कधी केला नव्हता. २० प्रती, दर ५ मिनिटांनी एक, म्हणजे १०० मिनिटं. एकविसावी आली की पहिली जाते. प्रोजेक्टमध्ये काही बदललं असेल तरच नवी प्रत निघते हे खरं, पण मंगळवारी मी बदलतच होतो की! लाइट जाईल या भीतीने मी बॅकअप जवळ आणला आणि त्याची आठवण आखूड करून बसलो. १५ मिनिटं ठेवली असती तरी ५ तासच झाले असते, म्हणजे तरीही सोमवार हाताला लागला नसता. शेवटी कॅमेऱ्याच्या आवाजाशी मिक्सरचा आवाज जुळवत, लहरींचे डोंगर एकावर एक बसवत रात्र काढली. यात दोष सॉफ्टवेअरला देत नाही. सिंक लॉक मी तपासला नाही, आकडा मी बदलला, आणि एडियस नावाच्या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या जमान्यात उस्तादांनी लावलेली सवय, रोज दिवेलागणीला प्रोजेक्ट नाव बदलून सेव्ह करायची, ती मीच सोडली होती.

पण तेव्हापासून एक गोष्ट मनात बसली. आमच्या धंद्यात चूक झाल्या झाल्या कळत नाही. ती गिऱ्हाईक आल्यावर कळते, दोन दिवसांनी, कधी आठवड्याने.

रिझॉल्व्हची बॅकअपची रीत मला म्हणून भावली. तिथे प्रती तीन थरांत राहतात. दर १० मिनिटांची एक, मग मागच्या ८ तासांतली ताशी एक, मग मागच्या ५ दिवसांतली दिवसाची एक. हे आकडे बदलता येतात, पण मी अजून हात लावलेला नाही. संगणकवाले या पद्धतीला आजा-बाप-लेक म्हणतात. लग्नाच्या स्टेजवर तीन पिढ्यांचा फोटो घेतात ना, तसंच. लेक आत्ताचा, बाप सकाळचा, आजोबा सोमवारचा. आणि मला हवे असतात ते आजोबा.

आणखी एक बारकावा आहे. दिवस मोजले जातात ते तुम्ही त्या प्रोजेक्टवर काम करत असाल तेव्हाच. समजा एक लग्न अर्धवट ठेवलं, कारण नवरीकडून गाण्यांची यादी येत नाही (ती कधीच वेळेवर येत नाही), आणि मधले दहा दिवस दुसऱ्या लग्नावर बसलात. परत आल्यावर पहिल्याच्या जुन्या प्रती तशाच असतात. कॅलेंडरवर पाच दिवस उलटले म्हणून त्या पुसल्या जात नाहीत.

एकदा उपयोग कसा झाला ते सांगतो. दिंडोरीकडची हळद होती, बावीस मिनिटांची मी नऊवर आणली. शुक्रवारी घरच्यांचा निरोप: जात्यावर हळद दळताना आजीने म्हटलेल्या ओव्या कुठे गेल्या? त्या मी मंगळवारीच उडवल्या होत्या. प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये प्रोजेक्टवर राइट क्लिक केलं, प्रोजेक्ट बॅकअप्समध्ये सोमवारची प्रत निवडली, लोड केली. ती चालू प्रोजेक्टवर येऊन बसत नाही, वेगळा प्रोजेक्ट म्हणून उघडते, हे फार बरं. तिथून जुनी हळद उचलली आणि चालूमध्ये आणून ठेवली. चहा निवायच्या आत झालं. हल्लीच्या आवृत्त्यांत टाइमलाइनचा, म्हणजे प्रोजेक्टमधल्या एकेका भागाच्या मांडणीचा, स्वतंत्र बॅकअपही मिळतो, म्हणजे हळद मागे न्यायची असेल तर लग्न आणि पाठवणीला धक्का लावावा लागत नाही.

प्रीमियरमध्ये हे जमत नाही असं नाही. जुनी ऑटो-सेव्ह फाइल चालू प्रोजेक्टमध्ये इंपोर्ट करून त्यातला हवा तो सिक्वेन्स (प्रीमियरमध्ये टाइमलाइनला हेच म्हणतात) तेवढा आणता येतो. माझ्याकडे तीच फुटेज बिनमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या आतल्या फोल्डरमध्ये, दुसऱ्यांदा आली आणि मग आवराआवर करावी लागली. तुमच्याकडे कदाचित नाही येणार. मुळात ती जुनी फाइल शिल्लक असायला हवी, एवढंच.

आता रिझॉल्व्हची उलटी बाजू, नाहीतर मी त्यांचा एजंट वाटेन. लाइव्ह सेव्ह चूकही तितक्याच इमानाने लिहून ठेवतो. प्रीमियरवर आपण सर्रास करतो तसं, काहीतरी बिघडलं की सेव्ह न करता बंद करायचं आणि परत उघडायचं, ती पळवाट इथे नाही. सुरुवातीला फार चुकल्यासारखं होतं. बॅकअपचा पर्याय चालू आहे का हेही पहिल्याच दिवशी प्रेफरन्सेसमध्ये, प्रोजेक्ट सेव्ह अँड लोडमध्ये बघून घ्या. धरून चालू नका.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रिझॉल्व्हचा प्रोजेक्ट फोल्डरमध्ये फाइल म्हणून दिसत नाही. तो लायब्ररीत, म्हणजे रिझॉल्व्हच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असतो, आणि विंडोजवर काही न बदलता वापरलं तर ती लायब्ररी सी ड्राइव्हच्या पोटात. आमच्या एका मित्राचा पीसी हळू चालतो म्हणून रिपेअरवाल्याने सी ड्राइव्ह फॉरमॅट केला. फुटेज डी ड्राइव्हवर सुखरूप, सगळी लग्नं गायब. मित्र म्हणे, "मी तर फुटेजचा फोल्डर जपला होता!" प्रीमियरवाला या बाबतीत निर्धास्त. त्याची प्रोजेक्ट फाइल फुटेजच्या शेजारी, ऑटो-सेव्हचा फोल्डर तिच्या शेजारी, हार्ड डिस्क उचलली की सगळं बिऱ्हाड बरोबर. मी त्यानंतर लायब्ररी एका ड्राइव्हवर आणि बॅकअपची जागा दुसऱ्या ड्राइव्हवर केली, आणि आठवड्यातून एकदा चालू लग्नं एक्सपोर्ट करून पेन ड्राइव्हवर टाकतो. हे करायचा कंटाळा असेल तर रिझॉल्व्हच्या वाटेला न गेलेलं बरं, असं मला वाटतं.

दोन्हीकडे बॅकअप म्हणजे फक्त कटांची वही. फुटेज त्यात नसतं. कार्ड कॉपी न करता फॉरमॅट केलंत तर आजोबाही काही करू शकत नाहीत.

मग कोणी काय घ्यावं? तुम्ही चार ठिकाणी फिरून काम करत असाल, आज शालिमारला एकाच्या पीसीवर, उद्या नाशिकरोडला दुसऱ्याच्या, किंवा स्टुडिओवालेच प्रोजेक्ट फाइल मागत असतील, तर प्रीमियर सोडू नका. प्रतींचा आकडा वाढवा आणि ऑटो-सेव्हमधला चालू प्रोजेक्टही सेव्ह करण्याचा पर्याय विचार करून टिक करा, कारण तो चालू असेल तर चूक मूळ फाइलीतही जाते. एका खुर्चीवर बसून लग्नामागून लग्न काढणारा माणूस असाल, गिऱ्हाईक चार दिवसांनी येऊन "ते आधीचं बरं होतं" म्हणत असेल, तर रिझॉल्व्ह लावून बघायला हरकत नाही. बॅकअपची ही सगळी सोय फुकटच्या आवृत्तीतही आहे. येत्या सिंहस्थात ज्यांना रामकुंडावर आठवडेच्या आठवडे शूटिंग करून महिनोन् महिने कापत बसायचंय, त्यांनी तर दिवसाच्या प्रतींचा आकडा पाचवरून आणखी वर न्यावा असं मी सुचवेन.

माझा जुना पीसी अजून प्रीमियरवरच आहे. जुनी गिऱ्हाइकं बारशाला, मुंजीला लग्नातले तुकडे मागतात, तेव्हा लागतो. त्यावर आता दर १० मिनिटांनी एक आणि एकूण ६० प्रती आहेत, म्हणजे १० तासांचं काम. शिवाय रोज दिवेलागणीला नाव बदलून सेव्ह. निफाडच्या मामांच्या मुलीचं लग्न यंदा वैशाखात आहे. ऑर्डर आपल्याकडेच आहे, पण मंगलाष्टकांचा भाग आधी दाखवायचा या बोलीवर.