बोटीच्या टाकीतले पेट्रोल दाखवणारा काटा : एका पावसाळ्याच्या वापरानंतर

कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील आमच्या गावाच्या बचाव पथकाकडे १६ फुटी फायबरची बोट आहे आणि तिला २५ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक ओबीएम, म्हणजे मागच्या फळीला अडकवायचे पेट्रोल इंजिन, लावलेले आहे. इतकी वर्षे ते इंजिन २४ लिटरच्या सुट्या प्लॅस्टिकच्या टाकीवर चालत असे, आणि तिच्या झाकणातला छोटा यांत्रिक काटा हाच आमचा काय तो अंदाज होता. बोट डुलली की तो काटाही डुले. झाकण उघडून आत विजेरी मारून पाहण्याची सवय सर्वांनाच लागली होती, आणि पेट्रोलच्या वाफेवर वाकून असे पाहणे किती वाईट, हे वेगळे सांगायला नको.

२०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात पुणे-बंगळुरू महामार्ग कोल्हापूरनजीक शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि जिल्ह्यात पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा टाकीत नेमके किती लिटर उरले आहेत हा प्रश्न आमच्या दृष्टीने बोटीच्या वेगापेक्षाही मोठा ठरला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आमच्याकडची शाळकरी पोरेही सांगतात. स्वतःच्या बोटीतली पातळी मात्र आम्हांला सांगता येत नव्हती. म्हणून गेल्या मे महिन्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरात ६० लिटरची ॲल्युमिनियमची पक्की टाकी बनवून घेतली आणि तिच्यावर सेंडर, म्हणजे टाकीतली पातळी मोजून तारेने काट्याला कळवणारा भाग, व काटा असा संच बसवला. हा संच ऑनलाइन मागवला होता आणि त्याला एकूण ४,८०० रुपये पडले. हाच माल निरनिराळ्या नावांनी विकला जातो, त्यामुळे नावापेक्षा प्रकारावर लिहिणे अधिक उपयोगाचे होईल.

सेंडर रीड स्विचचा, म्हणजे चुंबक जवळ आला की जोडल्या जाणाऱ्या छोट्या स्विचांचा आहे. स्टेनलेस स्टीलची उभी नळी, तिच्याभोवती वरखाली सरकणारा, चुंबक बसवलेला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा भाग, आणि नळीच्या आत ओळीने लावलेले रीड स्विच व रोधक, अशी त्याची रचना असते. फ्लोट ज्या स्विचसमोर येतो तो चुंबकामुळे जोडला जातो आणि त्यानुसार काट्याला मिळणारा विजेचा रोध बदलतो. ट्रकच्या टाकीत असतो तसा लांब दांडा आणि त्याच्या टोकाला फ्लोट असा जुना प्रकार स्वस्त पडतो खरा, परंतु सतत हिंदकळणाऱ्या टाकीत त्याचा दांडा वाकतो आणि घासणारी पट्टी लवकर झिजते. रीड स्विचच्या प्रकारात विजेचे सगळे भाग नळीत बंद असल्यामुळे ही तक्रार उरत नाही. उणीव एकच, की काटा सलग न सरकता सुमारे २० मिलिमीटरच्या टप्प्यांनी सरकतो. आमच्या टाकीत वरच्या भागात एक टप्पा म्हणजे साधारण ५ लिटर आणि तळाकडे सुमारे ३ लिटर होतात. तळाशी टप्पे बारीक आणि वर मोठे, हे गरजेच्या दृष्टीने बरेच झाले.

बसवताना दोन चुका झाल्या आणि दोन्ही आमच्याच होत्या. संचातला काटा वाटेत फुटून आला, म्हणून घाईत शहरातल्या एका दुकानातून दुसरा काटा आणला. टाकी रिकामी असताना तो ‘पूर्ण’ दाखवू लागला आणि पेट्रोल ओतत गेलो तसा खाली येऊ लागला. पथकातल्या एका ज्येष्ठांनी अगदी गंभीरपणे विचारले, ‘‘टाकी उलटी तर बसवली नाही ना रे?’’ टाकी सरळच होती. सेंडर अमेरिकी पद्धतीचा, म्हणजे रिकाम्या टाकीला २४० ओहम (ओहम हे रोधाचे एकक) आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम देणारा होता, तर नवा काटा युरोपीय पद्धतीचा, रिकामेपणाला १० आणि भरलेपणाला १८० ओहम समजणारा होता. दोन्ही वस्तू चांगल्या असूनही जोडी म्हणून निरुपयोगी होत्या. विक्रेत्याने संचातला काटा आठ दिवसांत बदलून दिला, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. दुसरी चूक अर्थिंगची होती. आमचा इलेक्ट्रिशियन ट्रकची कामे करणारा, त्यामुळे त्याने एकच तार ओढून विजेच्या परतीचे काम बॉडी अर्थवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर सोडावे तसे सोडले. फायबरच्या बोटीला बॉडी अर्थ कुठून असणार? सेंडरपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत स्वतंत्र तार टाकल्यावर काटा स्थिर झाला.

सेंडरच्या फ्लँजला, म्हणजे टाकीवर स्क्रूने बसणाऱ्या चकतीला, पाच छिद्रे असतात आणि त्यांतली अंतरे मुद्दाम असमान ठेवलेली असतात, त्यामुळे तो एकाच दिशेने बसतो. उद्यमनगरातल्या कारागिराने छिद्रे आधी समान अंतरावर पाडली होती. फ्लँज पाठवल्यानंतरच ती जुळली. टाकी करायला टाकण्यापूर्वी सेंडर हातात असावा, हे आम्हांला असे कळले.

या संचाचा खरा कस मोजमापाच्या दिवशी लागला. आमची टाकी बोटीच्या तळाच्या आकाराप्रमाणे खाली निमुळती आहे, आणि काटा उंची दाखवतो, लिटर दाखवत नाही. म्हणून रिकाम्या टाकीत पाच पाच लिटरच्या मापाने पेट्रोल ओतत प्रत्येक वेळी काट्याची जागा लिहून घेतली. काटा अर्ध्यावर आला तेव्हा टाकीत ३० नव्हे, २७ लिटर होते. पाव खुणेवर १५ लिटर निघाले आणि ‘रिकामी’ या खुणेवरही साडेचार लिटर शिल्लक होते, कारण सेंडरची नळी तळापासून ३ सेंटिमीटर वर संपते. मात्र इंजिनाकडे पेट्रोल ओढणारी नळीही तळापर्यंत पोहोचत नसल्याने त्यांतले जवळपास ३ लिटर कधीच हाती लागत नाहीत. म्हणजे वरच्या अर्ध्यात ३३ लिटर आणि खालच्या अर्ध्यात वापरता येण्याजोगे २४ लिटर, असा हा व्यवहार आहे. हे आकडे लिहिलेली पट्टी काट्याशेजारी चिकटवली, तेव्हा कुठे संच कामाचा झाला. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात याबद्दल अवाक्षरही नाही.

राजाराम तलावावरच्या चाचणीत आणि पुढे जुलैत नदीवर पाहिले, तर बोट स्थिर किंवा मंद असताना काटा भरवशाचा आहे. इंजिनाला पूर्ण रेस दिली की बोटीचे नाक वर येते, पेट्रोल मागे सरकते. सेंडर टाकीच्या मधोमध असल्यामुळे फरक एका टप्प्यापेक्षा जास्त पडत नाही. तो एका टोकाला बसवला असता तर हा भरवसा राहिला नसता.

पुरात मात्र काट्यावर दिसणाऱ्या पेट्रोलात किती अंतर कापता येईल, हे प्रवाह ठरवतो. समजा बोटीचा स्वतःचा वेग ताशी २० किलोमीटर आणि प्रवाहाचा ८ किलोमीटर आहे. प्रवाहाबरोबर ५ किलोमीटर जायला ११ मिनिटे पुरतात, परत यायला २५ मिनिटे लागतात. पूर्ण रेसवर आमचे इंजिन तासाला साधारण १० लिटर पिते, म्हणजे जाताना २ लिटरांहून कमी आणि येताना ४ लिटरांहून अधिक. एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि एक तृतीयांश राखीव, हा दर्यावर्दींचा प्रसिद्ध नियम अशा फेरीत राखीव भाग संपवूनही पुरा पडत नाही. आधी प्रवाहाविरुद्ध जाणे असेल तर गोष्ट उलटी होते, आणि तेव्हा काट्याकडे पाहून उगाच घाबरायलाही होते.

काट्याला एक गोष्ट मुळीच कळत नाही, ती म्हणजे पाणी. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि उसाच्या या जिल्ह्याला त्याबद्दल तक्रार करणे शोभणारही नाही. पण पावसात टाकीत पाणी शिरले, तर इथेनॉल ते ओढून घेते आणि प्रमाण वाढल्यावर दोघे मिळून तळाशी वेगळा थर धरतात. फ्लोट या थराच्या वरच्या पेट्रोलवर तरंगतो आणि काटा निवांतपणे ‘अर्धी टाकी’ सांगतो, तर इंजिन नेमके तळाजवळचे ओढते. म्हणून पाणी वेगळे करणारा पारदर्शक फिल्टर आम्ही याच वेळी बसवला. याच कारणाने कपॅसिटिव्ह सेंडर घेण्याचे टाळले. तो दोन नळ्यांमधल्या द्रवाच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकावर, म्हणजे त्या द्रवामुळे विद्युतभार किती पट अधिक साठतो हे सांगणाऱ्या आकड्यावर चालतो. पेट्रोलचा हा स्थिरांक सुमारे २, इथेनॉलचा सुमारे २५ आणि पाण्याचा सुमारे ८० असल्यामुळे, इथेनॉलचे प्रमाण बदलले की त्याचे मोजमापही बदलते. फ्लँजखालचा कॉर्कचा वायसर पहिल्याच महिन्यात पाझरू लागला. त्या जागी इथेनॉलला टिकणारा नायट्राइल रबराचा घातला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असून बोटीच्या तळाशी साचते, तेव्हा संचात कॉर्कचा वायसर देणे ही विक्रेत्याची गंभीर चूक मानावी लागेल.

खर्च झालेले पेट्रोल मोजणारा फ्लो मीटरही बाजारात आहे. तो तासाचा खर्च उत्तम सांगतो, परंतु टाकीत किती भरले हे माणसाने त्याला सांगावे लागते, आणि रात्री दोन वाजता कॅनने पेट्रोल भरताना ते कोणाच्या लक्षात राहणार?

रबरी बोट आणि सुटी टाकी असणाऱ्यांनी या संचाच्या वाटेला जाऊ नये. त्यांना झाकणातला काटा आणि भरलेला दुसरा डबा पुरतो. पक्की टाकी असणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा. मागवताना टाकीच्या खोलीपेक्षा अडीच-तीन सेंटिमीटर आखूड सेंडर निवडावा, ओहमचे आकडे दोन्ही वस्तूंवर वाचून पाहावेत आणि वायसर वेगळा विकत घ्यावा. आमच्या बोटीत लिटरच्या खुणा कोरलेली लाकडी पट्टीही आहे, आणि दर फेरीपूर्वी बोट काठाला सरळ उभी असताना ती टाकीत बुडवून काट्याशी ताडून पाहिली जाते. आतापर्यंत दोघांत एका टप्प्याहून जास्त तफावत आलेली नाही.