इंजिनवरचं ग्रीस काढायचंय: घरी पुसावं, स्टीम मारावी की गॅरेजला न्यावं?

पाइप लावून इंजिन धुणं मी या तुलनेत धरलेलंच नाही. ऐरोलीत राहायला आलो त्या वर्षी रॉकेल, जुना ब्रश आणि पाइप घेऊन मी ते करून बसलोय. दहा मिनिटांत इंजिन चकाचक, पण दुसऱ्या दिवशी गाडी झटके देत होती. प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं. पार्किंगमधल्या जाळीवर सप्तरंगी तवंग पसरला होता, तो वेगळाच. ती जाळी पावसाळी गटाराची. संडास-मोरीचं पाणी निदान प्रक्रिया केंद्रात जातं, हे मात्र नाल्यातून थेट ठाणे खाडीत. तिथे फ्लेमिंगो चिखलात चोच उलटी घालून शेवाळ गाळून खातात. 2022 पासून ही खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे.

थर पातळ असेल तर घरी पुसणंच बरं. इंजिन कोमट हवं, गरम नको. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. जाड थर आधी प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, अर्धं काम तिथेच होतं. मग डीग्रीजर (ग्रीस सोडवणारा द्रव) इंजिनवर न फवारता चिंधीवर घ्या आणि पुसा. खाली पत्र्याचा ट्रे आणि जुना पुठ्ठा. बाटलीवर 'बायोडिग्रेडेबल' लिहिलेलं असलं तरी तो गुण बाटलीतल्या द्रवाचा, इंजिनवरून सुटलेल्या ऑइलचा नव्हे. वेळ जातो, कंबर धरते, खर्च मात्र किरकोळ.

घरी येऊन स्टीम मारणारे पाणी कमी वापरतात, हे खरं. पण वितळलेलं ग्रीस खाली टपकतंच. ट्रे आणत नसतील तर नको.

थर बोटभर जाड असेल तर गॅरेज, पण कुठलंही नाही. वॉशिंग रॅम्पचं पाणी कुठे जातं ते विचारा आणि ऑइल ट्रॅपचं झाकण उघडून दाखवायला सांगा. त्यात वर ऑइल तरंगतं, तळाशी गाळ बसतो आणि मधलं पाणी पुढे जातं. वर काळी साय दिसली तर ट्रॅप चालतोय. गाळ काठापर्यंत आला असेल तर तो नावापुरता. आणखी एक खोच आहे: डीग्रीजर भसाभस ओतला की ऑइलचे इतके बारीक थेंब होतात की ते वर न येता पाण्याबरोबर निसटतात. म्हणून 'आधी खरवडा, मग धुवा' असं मी उभा राहून सांगतो. फ्यूज बॉक्स आणि अल्टरनेटरवर पिशवी बांधली की नाही, तेही तेव्हाच बघून होतं.

यातलं काहीही करण्याआधी ऑइल गळतंय कुठून ते शोधा. माझ्या गाडीचं टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग गेलं होतं. ते बदलल्यापासून मी घरीच पुसतो. माखलेल्या चिंध्या झाकणाच्या डब्यात साठवतो आणि सर्व्हिसिंगला जाताना मेकॅनिककडे देतो. जळकं ऑइल नेणाऱ्या अधिकृत माणसाला तो त्याही देतो, हे आधी विचारून घेतलंय.