भावासाठी स्थळ, माझ्यासाठी नोकरी: दोन ॲपचा काही महिन्यांचा अनुभव

गणपतीच्या आधीपासून दोन ॲप रोज वापरते आहे. एक लग्नाचं, धाकट्या भावासाठी. त्याचं प्रोफाइल मीच सांभाळते. दुसरं नोकरीचं, माझ्यासाठी. मी अकाउंट्समध्ये आहे, घर ठाण्याच्या नौपाड्यात, ऑफिस अंधेरीला. ट्रान्स-हार्बर लोकलने जाता येईल असं नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, तुर्भेकडे काही मिळालं तर हवं आहे. दोन्हीकडे पैसे भरून प्लॅन घेतला. नावं देत नाही, कारण दोन्हींची अडचण मुळात एकच आहे.

शोधणं स्वस्त झालंय, यात वाद नाही. आमच्या मावशीच्या वेळी वधू-वर सूचक मंडळात नाव नोंदवून रजिस्टरमधले पत्ते वहीत उतरवून आणायचे. आता तेवढी स्थळं चहा होईपर्यंत बघून होतात. पण त्यामुळे जुळणं लवकर होतं का? आमच्याकडे तरी नाही.

पीटर डायमंड, डेल मॉर्टेन्सन आणि ख्रिस्तोफर पिसारिडिस यांना २०१० चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयावर. शोधायला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून जागा रिकाम्या असतात आणि त्याच वेळी माणसंही बेकार असतात. लग्नालाही हेच लागू होतं. त्याआधी १९७० मध्ये जॉन मॅकॉल यांनी मांडलं होतं की नोकरी शोधणारा मनात एक किमान पगार धरतो आणि त्याखालची ऑफर सोडून देतो. ऑफर भराभर येणार असं वाटलं, की हा किमान आकडा वर सरकतो. मग जे मिळतं ते चांगलं असू शकतं, पण लवकर मिळेलच असं नाही. आमच्या घरात हे रोज दिसतं. चांगलं स्थळ समोर असतं आणि आई म्हणते, "थांबूया गं, अजून येतील." समोरच्या घरातही तेच चाललेलं असतं.

थांबणं सगळ्यांना सारखं परवडत नाही. माझा पगार चालू आहे, म्हणून मी तुर्भ्याची एक ऑफर नाकारू शकले. नोकरी गेलेल्या माझ्या मैत्रिणीने त्याहून कमी पगार लगेच घेतला, कारण घराचा हप्ता थांबत नाही. लग्नात तिशी ओलांडलेल्या मुलींवर हाच दबाव येतो. "आता अपेक्षा कमी करा" हे त्यांच्या आईवडिलांना सरळ फोनवर ऐकवलं जातं. मला याचा खरोखर राग येतो.

खरी कटकट आहे उत्तराची. लग्नाच्या ॲपवर 'इंटरेस्ट' म्हणजे पसंती पाठवायला एक टॅप पुरतो, म्हणून सगळे सगळ्यांना पाठवतात. मुलींचा इनबॉक्स भरून वाहतो, त्या उत्तर देत नाहीत, मग मुलांकडचे आणखी पाठवतात. नोकरीच्या ॲपवरही एकेका जागेला अर्जांचा ढीग असतो. एचआर मग नोटीस पिरियडची चाळणी लावतात आणि ९० दिवसवाले आम्ही वाचलेही न जाता बाहेर. अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांच्या संघटनेने यावर एक साधा उपाय काढला. नोकरी शोधणाऱ्या नव्या पीएचडींना २००६ पासून फक्त दोन ठिकाणी 'मला इथे खास रस आहे' असं कळवता येतं. दोनच असल्यामुळे त्याला वजन येतं. आपल्या ॲपनी हे आजच करावं.

दुसरं म्हणजे शिळी प्रोफाइलं. डोंबिवलीच्या एका स्थळाला फोन लावला, वडिलांनी उचलला. "अहो, तिचं लग्न मे महिन्यातच झालं. ते प्रोफाइल कसं काढायचं तेच कळत नाही आम्हाला." फार सज्जन माणूस, उलट त्यांनीच सॉरी म्हटलं. ॲपवर मात्र त्या मुलीच्या नावापुढे हिरवी खूण होती. भरून गेलेल्या नोकऱ्याही अशाच नव्या तारखेने दिसत राहतात.

फिल्टरबद्दल. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकात्याच्या वर्तमानपत्रातल्या विवाहविषयक जाहिरातींचा अभ्यास केला होता, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोक जातीला प्रचंड महत्त्व देतात, पण जातीची अट काढली तरी शिक्षणासारख्या बाबतीत जोड्या फारशा बदलत नाहीत, असं त्यात निघालं. म्हणजे मोठ्या शहरात ही अट फार महाग पडत नाही, म्हणून ती टिकते. पण तिच्यावर पोटजात, मंगळ, ३६ पैकी अमुक गुण आणि पगाराचा स्लॅब चढवलात की उरतं काय? आम्ही पोटजात आणि पत्रिका काढली, पनवेलपर्यंत हद्द वाढवली, आणि कोपरखैरण्याच्या एका घरी दोनदा जाणं झालं. बोलणी चालू आहेत. मला मात्र अजून हवी तशी नोकरी मिळालेली नाही.

घ्यायचंच असेल तर तीन महिन्यांचा प्लॅन पुरे, वर्षाचा नको. लग्नाच्या ॲपवर 'शेवटचं लॉगिन' बघून मगच फोन करा. नोकरीसाठी प्रीमियम मी पुन्हा घेणार नाही, ओळखीतून पाठवलेला सीव्हीच जास्त वाचला गेला. आणि जुळलं की त्याच दिवशी प्रोफाइल बंद करा. सेटिंगमध्ये बटण सापडलं नाही तर कस्टमर केअरला फोन करून काढून घ्या.